पोर्तुगालची पाटी कोणी धरायची?

दिवाळीची सुट्टी संपली की शहरांतल्या शाळांमध्ये एमयूएनचा, म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्रांचा हंगाम सुरू होतो. कोट-टाय घातलेली मुलं, टेबलांवर देशांच्या पाट्या, अध्यक्षांच्या हातात लाकडी हातोडी, आणि संध्याकाळपर्यंत सगळे फोटो पालकांच्या ग्रुपवर. पाठोपाठ वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, यातून उद्याचे नेते घडतात, मुलांची भीड चेपते, इंग्रजी सुधारतं, परदेशी विद्यापीठाच्या अर्जात चार ओळी वाढतात. दुसरी बाजू म्हणते, हा पैसेवाल्यांच्या पोरांचा फॅन्सी ड्रेस आहे. फी भरायची, इंटरनेटवरून भाषण उतरवायचं आणि ढाल घेऊन घरी यायचं. दोघांचंही ऐकून झालं की मला प्रश्न पडतो, यात परराष्ट्र धोरण कुठे आहे? भांडण सगळं व्यक्तिमत्त्व विकासावर चाललंय. पोहण्याच्या तलावावर वाद घालावा आणि पाणी आहे की नाही हे कोणी बघूच नये, तसं.

मी सिंधुदुर्गातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते. असा खेळ प्रत्येक नववीच्या वर्गात व्हायला हवा. रोजच्या तासाला, मराठीत, शाळेच्या गणवेशात. वक्ते घडवण्यासाठी नव्हे. सरकार निर्णय घेतं तेव्हा त्याचे हात किती ठिकाणी बांधलेले असतात, समोरच्याच्या मनातलं किती थोडं त्याला ठाऊक असतं आणि घड्याळ कसं पळत असतं, हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही म्हणून. मात्र प्रसंग खरा घडलेला हवा, आणि खेळापेक्षा खेळानंतरची चर्चा लांब चालायला हवी. तेवढं जमत नसेल तर सरळ धडा शिकवावा, तो बरा.

नववीच्या पुस्तकात परराष्ट्र धोरणाची वाटचाल आहे, संयुक्त राष्ट्रे आहेत, भारत आणि अन्य देश आहेत. पुस्तक वाईट नाही. पण परीक्षेला प्रश्न येतो ‘टीप लिहा : अलिप्ततावाद’, म्हणजे अमेरिका आणि रशिया यांपैकी कोणाच्याच गटात न जाण्याचं धोरण, आणि मुलं पाच ओळी लिहून मोकळी होतात. त्या पाच ओळींत अलिप्ततावाद हा एखाद्या माणसाच्या सुस्वभावासारखा वाटतो. त्याची कधी किंमत मोजावी लागली, कधी तो उपयोगी पडला, कधी तोंडघशी पडला, यातलं काहीच त्या टिपेत मावत नाही.

म्हणून मी गोवा घेते. आमच्याकडून बांदा ओलांडलं की पत्रादेवी, म्हणजे गोव्याची हद्द. वर्गातल्या निम्म्या मुलांचं कोणी ना कोणी पेडण्याला नाहीतर म्हापशाला नांदतंय. दिवस 18 डिसेंबर 1961, जागा न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. भारताचं सैन्य गोव्यात शिरलंय आणि पोर्तुगालने तक्रार केली आहे. तेव्हा परिषदेचे सदस्य अकरा होते, पंधरा नव्हते. अकरा देश, शिवाय मताचा अधिकार नसलेले भारत आणि पोर्तुगाल, असे तीन-चार जणांचे तेरा गट. पाट्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर. पहिल्या दिवशी हमखास एक मुलगा हात वर करतो, “बाई, लायबेरिया खंय आसा?” मग नकाशा उघडतो. एरवी नकाशा उघडण्यासाठी मला ओरडावं लागतं.

प्रत्येक गटाला एक चिठ्ठी मिळते आणि ती दुसऱ्याला दाखवायची नसते. अमेरिकेच्या चिठ्ठीत असतं की पोर्तुगाल तुमच्याबरोबर ‘नाटो’ या लष्करी गटात आहे, अझोर्स बेटांवरच्या तुमच्या तळाचा करार पुढल्या वर्षी संपतोय, पण आफ्रिकेत नवे देश जन्माला येताहेत आणि त्यांची मनंही तुम्हाला जिंकायची आहेत. लायबेरियाच्या चिठ्ठीत अंगोला, म्हणजे पोर्तुगालची आफ्रिकेतली वसाहत असते, कारण त्याच वर्षी पोर्तुगालविरुद्ध अंगोलाचा प्रश्न परिषदेत लायबेरियानेच लावून धरला होता. भारताची चिठ्ठी सगळ्यांत अवघड. सैन्याला आणखी एक दिवस हवाय. चौदा वर्षं तुम्ही जगाला शांततेचे धडे दिलेत. दोन महिन्यांवर निवडणूक आहे, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे राहणार आहेत, आणि लोक त्याचा संबंध जोडणारच आहेत.

युद्ध थांबवा आणि सैन्य मागे घ्या, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान आणतात. प्रत्यक्षात त्याला सात मतं मिळाली, विरोधात चार : सोव्हिएत रशिया, सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त. ठराव मंजूर व्हायला सातच लागत होती. म्हणजे तो मंजूर झालाच असता, पण रशियाने नकाराधिकार वापरला आणि प्रश्न मिटला. वर्गात रशियाची पाटी वर गेली तेव्हा मागून एक मुलगा वैतागून म्हणाला, “मगे एवढी चर्चा कित्याक केली?” रशिया काय करणार हे आधीच ठरलेलं असेल तर बाकीच्यांनी घसा का कोरडा करायचा? मी गप्प बसले. उत्तर सिलोनच्या बाकावरून आलं. ती मुलगी म्हणाली, रशिया एकटाच बाजूने असता तर सगळे म्हणाले असते, भारत रशियाचा. आम्ही तिघे होतो म्हणून तसं म्हणता आलं नाही.

अलिप्ततावादावर टीप लिहायची तर यापेक्षा चांगली मला लिहिता येणार नाही. आणि चर्चा तिथे थांबत नाही. मी तारीख एका वर्षाने पुढे ढकलते. डिसेंबर 1962, चीन आपल्या हद्दीत घुसून गेलाय, आणि कोलंबोला सिलोनच्या पुढाकाराने सहा देश जमलेत. तोच सिलोन, तोच इजिप्त. पण आता ते मधे बसलेत. चीन आक्रमक आहे असं म्हणायला कोणी तयार नाही. का? मुलं चिडतात. मग हळूहळू कोणीतरी विचारतं, हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले तेव्हा आपण काय म्हणालो होतो? 1956 साली ब्रिटन-फ्रान्सच्या सुएझवरच्या हल्ल्याविरुद्ध कडाडून बोललेला भारत हंगेरीवर पुटपुटला होता. हे पुस्तकात शोधायला मी सांगितलेलं नसतं.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यांतले काही चांगले आहेत, आणि आमच्या बाजूचे लोक ते हसण्यावारी नेतात हे मला आवडत नाही.

गेल्या वर्षी एक पालक शाळेत आले. त्यांचा मुलगा पोर्तुगालच्या गटात होता. खुर्चीवर बसलेही नाहीत. “बाई, माझो आजो पत्रादेवीक गेललो. आणि माझो झील सालाझाराची बाजू मांडता?” सालाझार म्हणजे पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांत ज्यांचा आजोबा होता त्या माणसाला ‘हा केवळ खेळ आहे हो’ म्हणणं हा उद्धटपणा झाला असता. मी त्यांना त्यांच्याच मुलाची वही दाखवली. मुलाने मुद्दा काढला होता : आम्ही 1510 पासून गोव्यात आहोत, भारत नावाचं राष्ट्र 1947 सालचं, मग आक्रमक कोण? भारताचा गट या मुद्द्यापुढे मुका झाला होता. ‘गोवा आमचाच’ यापलीकडे त्यांच्याकडे शब्द नव्हता. पुढच्या तासाला मात्र ते उत्तर घेऊन आले : डिसेंबर 1960 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहती संपवण्याचा जाहीरनामा काढला, दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालच्या वसाहतींची यादी ठरावात घातली, आणि त्या यादीत गोवा होता. पोर्तुगाल ज्याला आपला ‘सागरपार प्रांत’ म्हणत होता त्याला जग वसाहत म्हणत होतं. पोर्तुगालच्या बाकावर कोणी मनापासून भांडलं नसतं तर हे उत्तर कोणी शोधलं असतं? वकील आधी समोरच्या पक्षाचे कागद वाचतो. त्याला कोणी फितूर म्हणत नाही.

शिवाय हे नवं नाही. शाळांत अभिरूप संसद भरवावी अशी शिफारस 1962 साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने, म्हणजे पक्षांच्या व्हिपांच्या परिषदेने केली होती, आणि 1966 पासून दिल्लीच्या शाळांत स्पर्धा सुरूही झाल्या. गेली साठ वर्षं मुलं विरोधी बाकांवर बसून सरकारला धारेवर धरताहेत. त्यामुळे कोणी राज्यघटनेच्या विरोधात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. घरातल्या भांडणात दुसरी बाजू मांडलेली चालते आणि शेजाऱ्याशी असलेल्या भांडणात चालत नाही, हे कसं?

ते पालक पटवून घेऊन गेले असं मी म्हणणार नाही. वही मात्र मागून घेऊन गेले.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. खेळात माणूस मरत नाही. चौदा वर्षांचं पोर ‘आम्ही सैन्य घुसवतो’ म्हणतं आणि मधल्या सुट्टीत वडापाव खातं. युद्धाचा असा पोरखेळ झाला तर त्यातून शहाणपण येणार की बेफिकिरी? हा धोका खरा आहे. पण इतिहासात पाहिलं तर खेळाने माणसं बेफिकीर झाली असं क्वचित दिसतं. खेळाने सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही असंच जास्त दिसतं. 1941 च्या उन्हाळ्यात जपान सरकारने निरनिराळ्या खात्यांतल्या तरुण अधिकाऱ्यांना एकत्र बसवून एक अभिरूप मंत्रिमंडळ तयार केलं. अमेरिकेशी युद्ध झालं तर काय होईल हे त्यांनी आकडे मांडून तपासलं. सुरुवातीला जिंकू, मग युद्ध लांबेल, जहाजं बुडतील, शेवटी रशिया उतरेल आणि आपण हरू, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. ऑगस्टच्या अखेरीस तो पंतप्रधान कोनोए आणि युद्धमंत्री तोजो यांच्यापुढे वाचला गेला. ही टेबलावरची कसरत आहे, खरं युद्ध असं नसतं, अशा अर्थाचं तोजो बोलले. डिसेंबरात जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला. पुढच्या वर्षी प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या मोहिमेआधी युद्धनौकेवर सराव-खेळ झाला, त्यात फाशांनी जपानच्या विमानवाहू नौका बुडवल्या, तर ॲडमिरल उगाकी यांनी पंचांचा निर्णय फिरवून नौकांवरचे मार कमी केले. 4 जून 1942 ला खऱ्या समुद्रात तसं फिरवणारा कोणी नव्हता. चार विमानवाहू नौका गेल्या.

उगाकींची गोष्ट मी मुलांना सांगते तेव्हा मला माझीच लाज वाटते, कारण पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. भारताचा गट अडखळला आणि सिलोनच्या मुलांनी ठरवलं की आपण ठरावाच्या बाजूने मत देणार. त्यांचं कारण साफ होतं : लहान देशाने मोठ्या शेजाऱ्याला सैन्य वापरायची मुभा दिली तर उद्या ते आपल्यावर येईल. मी घाबरले. मुख्याध्यापक दारात उभे होते आणि माझ्या वर्गात भारत हरत होता. “सिलोन असं करणार नाही,” असं म्हणून मी त्यांचं मत बदललं. त्या गटातल्या मुलाने काही न बोलता वही मिटली. तो वर्षभर पुन्हा फारसा बोलला नाही. त्याचा मुद्दा बरोबर होता, आणि श्रीलंका आजही आपल्याकडे त्याच नजरेने पाहते, हे मला खूप नंतर सुचलं. पंच वर्गातच बसलेला असतो आणि त्याला नोकरी असते, ही या पद्धतीची खरी मेख आहे. कोट-टायच्या खर्चापेक्षा मला तिची धास्ती जास्त वाटते.

तिसरा आक्षेप त्याच्याच शेजारचा : खेळ ज्याने रचला त्याचंच मत खेळातून बाहेर पडतं. बरोबर आहे. जगभर वर्गांमध्ये खेळला जाणारा सगळ्यांत लाडका प्रसंग म्हणजे ऑक्टोबर 1962 चा क्युबाचा पेच, रशियाने क्युबात क्षेपणास्त्रं नेली आणि अमेरिका आडवी आली तो. तो त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या माहितीवर खेळवा, मुलं शिकतील की अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ठाम राहिले आणि रशियाचे ख्रुश्चेव नमले. म्हणजे दम धरा, समोरचा वाकतो. पण 27 ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रीनिन यांना सांगितलं होतं की तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील, फक्त हे कुठे बोलायचं नाही. ही देवघेव कित्येक वर्षं झाकून राहिली. एक चिठ्ठी वगळली की धडा उलटा होतो. अर्थात पाठ्यपुस्तकातही चिठ्ठ्या वगळलेल्याच असतात. 1971 ची लढाई आपण जिंकली हे प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्याच लढाईत 7 डिसेंबरला आमसभेत युद्धबंदीच्या ठरावावर 104 देश एका बाजूला आणि भारतासकट 11 देश दुसऱ्या बाजूला होते, हे किती जणांना माहीत आहे? पुस्तकाने काय वगळलं हे मूल विचारत नाही. खेळात विचारतं, कारण तिथे त्याची अडवणूक झालेली असते.

आता आपल्या घरातलं एक उदाहरण. पुरंदरचा तह, जून 1665. मिर्झाराजे जयसिंगांपुढे महाराजांनी 23 किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख सोडला, 12 किल्ले राखले. हे आपल्याकडच्या कोणत्याही मुलाला विचारा, तो छाती पुढे काढून सांगेल की हे धोरण होतं, माघार नव्हती. बरोबरच सांगतो. पण तेच मूल, आणि त्याहून त्याचे वडील, आज कुठल्याही सरकारने चर्चेच्या टेबलावर एक पाऊल मागे घेतलं की म्हणतात, विकला देश! पुरंदरला ते शांत असतात, कारण पुढचं पान त्यांना पाठ आहे. मी हा तह खेळायला देते तेव्हा एकच नियम असतो : आग्रा अजून घडलेलं नाही. मुलं वज्रगड पडल्यावर, मुरारबाजी गेल्यावर काय करायचं ते ठरवतात. भांडणं होतात, एकदा तर दोघी रडल्या. कारण यादीत कोणता किल्ला घालायचा हे शेवटी त्यांनाच लिहावं लागतं. वर्तमानपत्रातली परराष्ट्र धोरणाची बातमी कशी वाचायची ते मला याहून नीट शिकवता येत नाही. गेल्या वर्षी, 2025 च्या एप्रिलमध्ये पहलगामनंतर सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला तेव्हा घरोघरी ‘बंद करा पाणी’ चाललं होतं. माझ्याकडे एका मुलाने विचारलं, “बाई, अडवलेला पाणी आपण ठेवतलो खंय?” हा मुलगा पुरंदरच्या यादीवर बसलेला होता.

वेळेचा प्रश्न मी टाळत नाही. इतिहास-राज्यशास्त्राला आठवड्याचे तास मोजके, त्यात परीक्षेचा पेपर, वर्गात पन्नास मुलं, वर जनगणना आणि निवडणुकीची कामं. गोव्याच्या खेळाला तीन तास लागतात : एक चिठ्ठ्या वाचायला, एक खेळायला, एक चर्चेला. चर्चेचा बहुधा चौथ्यात सांडतो. हे तास मी उजळणीतून काढते. सनावळ्या पाठ करून घ्यायच्या तर व्याख्यान जास्त कामाचं, यात शंका नाही, आणि वर्षभर नुसते खेळ खेळणाऱ्या शाळेत मी माझं मूल घालणार नाही. वर्षाला दोन प्रसंग पुरे. खर्च म्हणाल तर झेरॉक्सचे पैसे.

एक तक्रार मात्र मला कोणत्याच विरोधकाने ऐकवली नव्हती, ती वर्गातूनच आली. चर्चेच्या तासाला मी सगळ्या चिठ्ठ्या उघड्या करून टेबलावर मांडते आणि विचारते, बाईंनी काय वगळलं? एकदा एका मुलीने सगळ्या पाट्या ओळीने वाचल्या. इक्वेडोर, चिली, तुर्कस्तान, फ्रान्स. मग म्हणाली, गोंयकारांची पाटी खंय आसा? तिची मावशी पेडण्याला असते. मी सांगितलं की न्यूयॉर्कच्या त्या टेबलावरही ती नव्हती. गोव्याच्या लोकांना त्यांच्या भवितव्याबद्दल मतपेटीतून थेट विचारलं गेलं ते 16 जानेवारी 1967 ला, महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं म्हणून, आणि त्यांनी वेगळं राहायचं ठरवलं. वर्गात थोडा वेळ कोणीच बोललं नाही. आमच्या भागात तो निकाल अजूनही कोणाला फारसा आवडत नाही.

या वर्षी चौदावी पाटी केली आहे, तीही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे. तिला मत नाही, भाषणाची वेळ नाही, चिठ्ठीही नाही. ती कुठल्या बाकावर ठेवायची यावरून भारताच्या आणि पोर्तुगालच्या गटांत आत्ताच जुंपली आहे, आणि खेळ तर अजून परवा आहे.